नववी खुर्ची

दुकानांचं फर्निचर करून देणं हा माझा धंदा. औषधांची दुकानं केली, चपलांची केली, एका दातांच्या डॉक्टरचा दवाखानाही केला. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधी त्याला काय हवंय ते मला कळतं, असा माझा समज होता आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे. नंदनवार मॅडमनी तो समज पार मोडीत काढला. बाईंची ओळख चांगली तीन-चार वर्षांची, पण त्यांच्याकडून परतताना माझं डोकं जाग्यावर आहे असं क्वचितच झालं.

पहिला फोन आला तेव्हाच घोळ झाला. "सुरेशभाऊ, मले कॉम्प्युटरवर खेळाचं दुकान टाकाचं आहे. मापाची पट्टी घेऊन या."

मला वाटलं, मुलाचं दुकान असेल, आई फोन करते आहे. नागपुरात बर्डीच्या बाजारात, पिशव्यांच्या एका दुकानाच्या डोक्यावर त्यांच्या भावाचा रिकामा हॉल होता. जिना चढून वर गेलो तर एक साठीच्या बाई जमिनीवर उकिडव्या बसून खडूने चौकोन काढत होत्या. सुती पातळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. मुलींच्या शाळेत त्या पी.टी. शिकवायच्या, खो-खोची टीम त्यांच्याकडे होती आणि दोनच महिन्यांपूर्वी रिटायर झाल्या होत्या. शिट्टी मात्र रिटायर झाली नव्हती.

"मुलगा कुठे आहे?" मी विचारलं.

"कोणाचा?"

"म्हणजे, दुकान कोण चालवणार?"

"मी दिसून नाही राहिली का तुमाले?"

मग त्यांनी खडूचे चौकोन दाखवले. हॉलच्या मधोमध एका ओळीत आठ चौकोन, प्रत्येकात एक बाण. पहिला बाण खिडकीकडे, दुसरा दाराकडे, तिसरा पुन्हा खिडकीकडे. या बसायच्या जागा. एकाने इकडे तोंड करायचं, शेजारच्याने तिकडे. खो-खोत पाठलाग करणाऱ्या टीमचे आठ जण मैदानात असेच बसतात हे मला आठवलं, पण त्याचा कॉम्प्युटरशी काय संबंध ते काही केल्या कळेना.

"मॅडम, गेमिंग कॅफेत सगळे भिंतीकडे तोंड करून बसतात," मी म्हणालो.

"काहून?"

याचं उत्तर मला कधी कोणी मागितलं नव्हतं. "वायरी भिंतीत असतात ना," मी म्हणालो.

"मंग पोट्टे काय वायरीसाठी येतात का? भिंतीकडे तोंड करून आम्ही शाळेत शिक्षा म्हणून बसवत होतो."

त्यांनी म्हणे शहरातल्या दोन-तीन कॅफेंमध्ये आख्खी दुपार स्टुलावर बसून काढली होती. ही बाई हरवलेला नातू शोधते आहे असं समजून एका मालकाने त्यांना पाणी दिलं आणि धीरही दिला. "काय पाहिलंत तिथं?" मी विचारलं. "खेळ काही समजला नाही," त्या म्हणाल्या, "पण एक गोष्ट पाहिली. एक पोरगी नव्हती. एकबी नाही."

हॉलच्या खिडकीजवळ एक सिमेंटचा खांब होता. त्याच्या बाजूला त्यांनी वेगळा चौकोन काढला होता, बाण नसलेला. "हे नववी जागा," त्या म्हणाल्या. "खो-खोत आठ जणी बसतात आणि नववी धावते. खरा खेळ तिचा. हे जागा पोरीची. इथं पोट्टा बसणार नाही."

मी मापं घेतली. त्यांचा हा बेत मी माझ्या सुताराला सांगितला तर तो हसून हसून खाली बसला. वायरमन चिडला, कारण सगळ्या वायरी जमिनीतून न्यायच्या होत्या. महिनाभर आम्ही तिघं त्या हॉलमध्ये एकमेकांकडे बघत होतो आणि आपण काय बनवतो आहोत हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

कॅफे सुरू झाला. पहिल्या दिवशी आलेली पोरं दारातच थबकली. त्यांतला चेतन नावाचा मुलगा, इंजिनिअरिंगला होता, पुढारीपणा अंगात, तो म्हणाला, "मॅडम, ये उलटा-सीधा काहून आहे?" मॅडम म्हणाल्या, "बसून पाह्य." तो बसला. शेजारी त्याचा मित्र उलट्या तोंडाने बसला. थोड्या वेळाने मी पाहिलं तर दोघं खेळता खेळता मान वळवून एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते आणि दात काढत होते. दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावून चोरी करता येत नव्हती, पण चिडलेला चेहरा मात्र हाताच्या अंतरावर होता. पोरांना ते भलतंच आवडलं. माझ्या सुताराला मी हे सांगितलं नाही. त्याचं हसू मला आणखी एकदा ऐकायचं नव्हतं.

मॅडमचे नियम ऐकून तर कॅफेच्या धंद्यातला माणूस आडवाच झाला असता. कॅफे दिवेलागणीला बंद. इतर ठिकाणी खरा खेळ तिथून पुढे सुरू होतो, पण यांचं म्हणणं, त्यानंतर मुलीला घरून कोण सोडेल? मुलगी तर एकही येत नव्हती. न येणाऱ्या मुलींसाठी आलेल्या पोरांना हाकलून देणारं असं दुकान नागपुरात दुसरं नसावं.

दुसरा नियम शिव्यांचा. पोरं कानाला हेडफोन लावून खेळतात आणि नेटवरच्या कोणाकोणाला तोंडाला येईल ते बोलतात. एक दिवस मी ड्रॉवर बसवत होतो, तेवढ्यात कर्कश शिट्टी वाजली. माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पडला.

"काय म्हटलं रे थे?" मॅडम एका पोरासमोर उभ्या.

"मॅडम, तुमाले नाही. तो समोरचा आहे ना, नेटवरचा, त्याले."

"मंग? त्याले माय नाही?"

पोरगा गांगरला. त्या नेटवरच्या माणसाला आई असेल हा विचार त्याच्या डोक्यात बहुधा पहिल्यांदाच आला होता. त्याला चालू खेळातून उठून खांबाला पाठ लावून उभं राहावं लागलं. तिकडे स्क्रीनवर त्याचा गडी नुसताच उभा राहिला आणि कोणीतरी येऊन त्याला मारून गेला.

खुद्द खेळ मॅडमना शेवटपर्यंत पुरता उमगला असेल असं मला वाटत नाही. त्या पाठीमागे हात बांधून ओळीतून फेऱ्या मारायच्या आणि मैदानावरचे प्रश्न विचारायच्या. एकदा चेतनचा गडी मेला. त्याचा स्क्रीन करडा झाला. मॅडम म्हणाल्या, "आऊट झाला तू. उठ."

"नाही मॅडम, थोडं थांबाचं. परत येतो मी."

"परत कुठून येतो? आऊट झाला ना?"

"हाव, पण परत येते माणूस. सगळेच येतात."

करड्या स्क्रीनवर रंग आले आणि चेतनचा गडी पळायला लागला. मॅडम कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाल्या, "सुरेशभाऊ, हे काही मले पटलं नाही. मेलेला परत येते तर मंग खेळ कायचा? आऊट म्हणजे आऊट."

मी मान हलवली. मला त्यातलं तेवढंही कळलं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. विचारलं मी नव्हतं. उन्हाळा होता, बाहेर रस्ता तापलेला, मी घरी जायला निघालो तर म्हणाल्या, ऊन उतरू द्या. माठातलं पाणी दिलं आणि बोलत बसल्या. एकोणिसाव्या वर्षी त्यांची राज्याच्या टीममध्ये निवड झाली होती. नवव्या गड्याची, धावणारीची. बॅग भरलेली होती. वडिलांनी आदल्या दिवशी सांगितलं, आता पुरे, पाहुणे येणार आहेत. "पाहुणे आले अन् नापसंत करून गेले," त्या म्हणाल्या. "लग्न तवाबी नाही झालं, मंग बी नाही झालं. टीम तर गेलीच होती. आऊट म्हणजे आऊट." हे त्यांनी अगदी हसत सांगितलं. मला मात्र त्यांच्या वडिलांचा असा राग आला की पाणी गोड लागेना. पुढे त्यांनी शाळेत कितीतरी मुली धावायला शिकवल्या, आणि त्यातली प्रत्येक मुलगी शाळा सुटली की खेळायची थांबली. कोणी रस्त्यात भेटायची, कडेवर लेकरू, आणि म्हणायची, मॅडम, आता कुठं खेळता!

"म्हणून हे दुकान?" मी विचारलं.

"मैदानावर उन्हात कोणी येऊ देत नाही त्यायले. मले वाटलं, सावलीत तरी येतील."

आता मला अर्धं कळलं, असं मला वाटलं. पण नवव्या खुर्चीचा घोळ वाढतच गेला. ते मशीन रोज सकाळी चालू व्हायचं, पुसलं जायचं, त्यातले खेळ अद्ययावत केले जायचे आणि संध्याकाळी तसंच बंद व्हायचं. मे महिन्यात एसीच्या लोभाने पोरांची जिन्यापर्यंत रांग लागायची, तरी खुर्ची रिकामी. पोरं तिला भुताची खुर्ची म्हणायची. मला वाटलं, यांची एखादी लाडकी विद्यार्थिनी वगैरे वारली असेल, तिच्या नावाने ठेवली असेल. एकदा धीर करून तसं विचारलं.

"कोणी मेलं नाही गा," त्या वैतागून म्हणाल्या. "सगळ्या जिवंत आहेत. म्हणून तर खुर्ची ठेवली."

मुली का येत नाहीत याचे त्यांचे अंदाज दर महिन्याला बदलत आणि प्रत्येक अंदाजाला मला बोलावणं येई. एकदा वाटलं, जिन्यात अंधार आहे. जिन्यात दिवे लागले. मग वाटलं, पोरं टक लावून बघतील. खांबाला लागून नवव्या टेबलाभोवती पार्टिशन झालं. मग वाटलं, पार्टिशनमुळे कोंडल्यासारखं होईल. अर्धं कापलं. एकदा तर म्हणाल्या, त्या टेबलाला गुलाबी सनमायका लावा. मी लावला. ते टेबल टूथपेस्टच्या जाहिरातीसारखं दिसायला लागलं. महिनाभराने फोन आला, सनमायका काढा.

"पोरीले गुलाबी आवडते हे तुमाले कोणी सांगितलं?" त्यांनी मलाच झापलं.

"मॅडम, तुम्हीच सांगितलंत."

"मी? मी जन्मात गुलाबी घातला नाही."

मी मुकाट्याने सनमायका खरवडला.

मधून मधून मॅडमचे भाऊ जिना चढून यायचे, चप्पल न काढता दारातूनच विचारायचे, "काहून वं शकू, आली का एखादी?" आणि उत्तराची वाट न पाहता हसत उतरायचे. हे मला फार लागायचं, मॅडमना किती लागत असेल. शेवटी एकदा त्या पोरांच्या देखत बोलून गेल्या, "उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपेपर्यंत पाहते. एकबी पोरगी आली नाही तर दुकान बंद. पोट्ट्यायले खेळाले अख्खं नागपूर पडलं आहे."

पोरांची झोप उडाली. एवढी चांगली मशीनं आणि समोरासमोर चेहरे त्यांना दुसरीकडे मिळणार नव्हते. चेतनने चुलत बहिणीला आईस्क्रीमच्या बोलीवर आणून नवव्या खुर्चीत बसवलं. तिने माऊसला हात लावला नाही, मोबाईल बघत बसली. मॅडमनी तिला लिंबू सरबत पाजलं, नाव-गाव विचारलं, जिन्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन चेतनला खांबाजवळ उभं केलं. "थे आली नव्हती," त्या म्हणाल्या, "तिले आणलं होतं."

सुट्ट्या संपत आल्या. मॅडमनी मला बोलावलं ते फर्निचर उचलायचं काय ते ठरवायला. रविवार होता. पोरांचा बाहेरच्या एका कॅफेच्या टीमशी नेटवर सामना ठरला होता, दुपारचा. चेतनच्या टीममध्ये पाच जण. चौघं इथले आणि पाचवा नागपूरबाहेरचा, मौद्याचा, घरून खेळणारा. त्याला यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि त्याचा आवाजही ऐकला नव्हता. तो माइक बंद ठेवायचा, काय ते टाइप करून सांगायचा. पोरं त्याला मौनीबाबा म्हणायची आणि त्याच्याबद्दल फार आदराने बोलायची. सामन्याला मात्र सगळ्यांनी हजर राहायचं ठरलं होतं, म्हणून त्याला निरोप गेला होता. तो आला नाही तर बसायला एक राखीव गडी तयार होताच. तो चेतनच्या शेजारच्या मशीनवर आधीच बसला होता.

मी टेबलांची मापं परत घेत होतो. मला सांगायला लाज वाटत नाही, स्वतः बनवलेलं ते वेडंवाकडं फर्निचर तोडायचं या विचाराने माझं मन लागत नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात दोन बायका उभ्या राहिल्या. एक पंचविशीची, पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स. मागे नऊवारीतली म्हातारी, घामाने थबथबलेली.

"इथं मॅच आहे ना?" तरुण बाईने विचारलं. "मी मौद्यावरून आली."

चेतन उठून उभा राहिला. "मौनीबाबा?" तो म्हणाला.

"हाव," ती म्हणाली. "तुम्ही चेतन न? आवाजावरून ओळखलं. लय वरडता तुम्ही."

तिचं नाव अश्विनी. नवरा मौद्याच्या मोठ्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला, आणि म्हातारी तिची सासू. "हे रोज दुपारी डब्ब्यासमोर बसून कोणाशी भांडते, थे पाहाले आली मी," सासूबाईंनी मला सांगितलं. मी त्यांना स्टूल दिलं.

"माइक काहून नाही लावत मंग?" एका पोराने विचारलं.

"लावला होता सुरवातीले. पोरगी आहे समजलं की मंग खेळत नाही कोणी, नुसतं बोलतात. काय बोलतात थे मॅडमसमोर नाही सांगत." पोरांनी माना खाली घातल्या. शिव्यांपायी खांबाजवळ उभं राहून आलेली सगळीच होती ती.

मॅडम इतका वेळ शिट्टी मुठीत धरून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला बघवेना. त्या पुढे झाल्या, पदराने नववी खुर्ची पुसली आणि म्हणाल्या, "ये बेटा. हे तुही जागा. कवाची ठेवली आहे."

अश्विनीने त्या खुर्चीकडे पाहिलं, अर्ध्या पार्टिशनकडे पाहिलं, आणि ओळीतल्या आठ मशीनांकडे पाहिलं.

"मी तिथं नाही बसत, मॅडम," ती म्हणाली. "घरी एकटीच खेळते ना. एकटी बसाले इतक्या दूर कायले आली असती?"

आणि ती ओळीत शिरली. चेतनच्या शेजारच्या राखीव गड्याच्या पाठीवर तिने हलकेच थाप मारली. तो चटकन उठला, ती त्याच्या जागी बसली. मॅडमच्या ओठातून अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये असा, "खो" निघाला. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आला.

बाकीची ओळ भरलेली होती, उठवलेला पोरगा मधेच उभा राहिला. "मॅडम, मी कुठं बसू?"

मॅडमनी नवव्या खुर्चीवरचा हात काढला. "बस गा इथं," त्या म्हणाल्या. पोरगा त्यांच्या तोंडाकडे बघत, दबकत त्या खुर्चीच्या टोकावर टेकला. पोरांपैकी कोणीच त्याला हसलं नाही.

सामना सुरू झाला. अश्विनी माइकवर बोलायला लागली आणि तिचं बोलणं थांबेचना. चेतनला ती असे काही हुकूम सोडत होती की त्याचा पुढारीपणा कुठच्या कुठे गेला. सासूबाईंनी मला ढोसलं. "भाऊ, हे जिंकून राहिली का मरून राहिली?"

"मलाही कळत नाही, आजी," मी म्हणालो. शेवटी कोण जिंकलं तेही मला कळलं नाही. पोरं मारतानाही आणि मरतानाही सारखीच ओरडत होती.

संध्याकाळी मी मापाची पट्टी गुंडाळून विचारलं, "मग मॅडम, उचलायचं काय?"

"काहीच नाही. थे अर्धं पार्टिशन तेवढं काढून टाका."

"आणि नववं टेबल?"

"राहू द्या. थे मी पाहते." आणि मग एकदम रागावून, कोणावर कळलं नाही, म्हणाल्या, "इतके दिवस मी तिले बाजूले बसवून राहिली होती, सुरेशभाऊ. मीच."

माझं वर्कशॉप नंतर हिंगण्याकडे गेलं. बर्डीवर जाणं कमी झालं. काही काळाने भावाने तो हॉल विकला आणि मॅडम पारशिवनीला बहिणीकडे राहायला गेल्या असं कानावर आलं. तिथे नेट कसं येतं कोण जाणे. त्याआधी मी त्यांना एकदाच पाहिलं. ड्रॉवरचं कुलूप अडकतं अशी तक्रार होती म्हणून भर दुपारी गेलो होतो. ओळीत पोरं होती, पोरांमध्ये कॉलेजच्या दोन मुली होत्या, त्यांच्याकडे कोणाचं विशेष लक्ष नव्हतं. आणि खांबाजवळ, नवव्या खुर्चीत, स्वतः मॅडम. अंबाड्यावर हेडफोन घट्ट बसत नव्हता म्हणून त्याला शिट्टीची काळी दोरी बांधलेली. टाचा उचललेल्या, अंग पुढे झुकलेलं, आत्ता कोणी पाठीवर खो देईल आणि धावत सुटतील अशा बसल्या होत्या.

"डावीकडून ये वं अश्विनी! डावीकडून! अरे बापा!" आणि त्यांचा स्क्रीन करडा झाला.

मी कुलूप हातात घेऊन मागे उभा होतो. गंमत करावी म्हणून म्हणालो, "आऊट झालात मॅडम. उठा."

"थांबा गा," त्या म्हणाल्या. मागे वळून पाहिलं नाही. करड्या स्क्रीनवर आकडे उलटे उतरत होते, आणि त्या आकड्यांकडे त्या असं बघत होत्या की ओळीतल्या त्या दोघी मुलीही मान वळवून बघायला लागल्या. मग स्क्रीनवर रंग आले, हिरवं मैदान आलं, त्यावर एक लहानसा गडी उभा राहिला, आणि मॅडमनी दोन्ही पाय जमिनीवर आपटले.

"आली! सुरेशभाऊ, पाहा, परत आली मी!"

एवढं म्हणून त्या धावत सुटल्या.